आधी डॉक्टरांनी विचारावं

थळहून दवाखान्याकडे जाणाऱ्या वाटा दोन. एक मिनीडोरची नाहीतर एसटीची, अलिबागला जाणारी, पाच-सहा किलोमीटरची. दुसरी समुद्रावरून मुंबईला, मांडव्याहून गेटवेला किंवा रेवसहून भाऊच्या धक्क्याला. ताप, सर्पदंश, मोडलेलं हाड, बाळंतपण यांसाठी माणसं पहिली वाट धरतात. ज्या दुखण्याचं नाव घरात घेता येत नाही, त्यासाठी पुष्कळदा दुसरी. अलिबागला केसपेपर काढणारा नात्यातला निघतो, औषधाच्या दुकानात शेजारचा मुलगा कामाला असतो, बाकड्यावर बाजूला बसलेली बाई माहेरच्या गावची असते. मुंबईत कुणी ओळखत नाही, एवढ्या एका कारणासाठी माणूस समुद्र ओलांडतो. पलीकडे उतरल्यावर मोठ्या रुग्णालयाच्या पाटीआधी त्याच्या नजरेला पडतात त्या रुळांकडेच्या भिंतींवरच्या जाहिराती. त्यात फोन नंबर असतो, हमी असते, आणि कुणाला कळणार नाही असं वचन असतं. या शेवटच्या वचनासाठी तो पैसे मोजतो.

थळ हे एकच गाव नाही. समोर खांदेरी-उंदेरी, किनाऱ्याला कोळीवाडा आणि वाळत घातलेली मासळी, मागे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना, आणि अलीकडच्या काळात मुंबईकरांचे सुट्टीचे बंगले. कोळी-आगरी घरं, कारखान्यामुळे ठिकठिकाणहून आलेली कुटुंबं, बांधकामावरचे मजूर, होड्यांवरचे परप्रांतातले खलाशी अशी सगळी माणसं इथे एकाच किनाऱ्यावर राहतात. प्रत्येकाचं गप्प राहणं वेगळं आहे. खलाशाला तर डॉक्टरांची भाषाही नीट येत नाही, आणि ज्या दुखण्याबद्दल मायबोलीत बोलणंही अवघड, ते परक्या भाषेत तो कसं सांगणार?

मासळी विकणाऱ्या बाईचा दिवस बघा. पहाटे बंदरावर लिलाव, मग टोपली घेऊन बाजार, दुपार टळेपर्यंत एका जागी बसणं. बाजारात बायकांसाठी स्वच्छ, दार लागणारा, पाणी असलेला संडास नसला, तर ती सकाळपासून पाणीच कमी पिते. लघवी तुंबवून धरायची सवय वर्षानुवर्षांची होते. त्यातून जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग. साखर वाढलेली असेल तर वर खाज. रात्री नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं, त्यावरून घरात कुरबुर होते, आणि हे सगळं घेऊन ती ओपीडीत येते तेव्हा म्हणते, ‘कंबर दुखते.’ डॉक्टर दुखण्याची गोळी लिहितात. ती गोळी घेऊन घरी जाते. दोघांनीही आपापल्या परीनं काम केलेलं असतं आणि आजार जागच्या जागी राहतो.

‘लोक लाजतात, म्हणून बोलत नाहीत,’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. डॉक्टर उच्चारतात, शिक्षक उच्चारतात, लेखकही. मला ते पटत नाही. ज्या खोलीत दार अर्धं उघडं आहे, टेबलाजवळ पुढचे दोन रुग्ण उभेच आहेत, पडद्यापलीकडून नर्स मोठ्यानं नाव पुकारते आहे आणि नवरा किंवा सासू शेजारच्या स्टुलावर बसली आहे, तिथे गप्प राहणं हा शहाणपणा आहे. वेळही नसतो. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेची तुलना प्रसिद्ध झाली होती, त्यात भारतातली डॉक्टर-रुग्ण भेट सरासरी दोन मिनिटांच्या आसपास भरली. दोन मिनिटांत खोकला सांगता येतो. संबंधाच्या वेळी दुखतं, हे सांगायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. तोंड उघडण्याची जबाबदारी आपण रुग्णावर टाकून मोकळे झालो आहोत. ती डॉक्टरांची आहे, एवढंच मला या लेखात म्हणायचं आहे.

विचारलं तर काय होतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं ते १९८० च्या दशकात. त्या काळी ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच समजूत सरकारी कागदांवरही होती. पाळी, पांढरं जाणं, वंध्यत्व, संबंधाच्या वेळचा त्रास या गोष्टी हिशेबातच नव्हत्या. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पद्धतशीर तपासणी केली. गरोदर बायका तेवढ्या पाहायच्या असा तो अभ्यास नव्हता. आजारी, बरी, लग्न झालेली, न झालेली, अशा सगळ्या प्रकारच्या स्त्रिया त्यात होत्या. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा जगातले तज्ज्ञ चक्रावले. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधांशी निगडित एखादा तरी आजार होता. प्रत्येकीमागे सरासरी ३.६ आजार. आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी-उपचार झालेल्या किती? ८ टक्के.

या आकड्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो वेगळाच. तक्रार आहे असं स्वतःहून सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. म्हणजे उरलेल्या बऱ्याच जणींना आजार होता, पण तो आजार आहे हेच त्यांना वाटत नव्हतं. आईला होत होतं, सासूला होतं, जावेलाही होतं. बाईच्या जातीला हे असायचंच. दुखणं सगळ्यांनाच असलं की ते दुखणं राहत नाही, रीत होते. अशा बाईला ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ‘अंगावरून पांढरं जातं का, त्याला वास येतो का, खाज सुटते का, जवळ येताना दुखतं का?’ असं एकेक विचारलं तरच उत्तर येतं. राणीताईंनी गावातल्या बायकांमध्ये बसून त्यांचे शब्द, त्यांच्या समजुती, त्यांची औषधं ऐकली. ‘कानोसा’ हे त्यांचं पुस्तक त्या ऐकण्यातून आलेलं आहे. सर्च गडचिरोलीच्या जंगलात आहे आणि थळ समुद्रावर, पण बाकड्यावर बसलेली बाई तीच आहे.

सांगितलं आणि तरी नीट ऐकलं गेलं नाही, तर काय होतं? बीड जिल्ह्यात ते दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कित्येकींची मूळ तक्रार पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीत जास्त रक्त जाणं अशी होती, म्हणजे बहुतेक वेळा औषधांनी बरी होणारी. उसाच्या फडात पाळीचा कपडा बदलायला जागा नाही, खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, आणि दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असा सल्ला मिळतो. चाळिशीच्या आत अंडाशयासकट पिशवी गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाला असलेलं संप्रेरकांचं संरक्षण जातं. हे त्या बाईला टेबलावर घेण्याआधी कुणी समजावून सांगितलं होतं का, हा प्रश्न मला अजून सतावतो.

पांढरं जाण्याबद्दल इथे दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत, कारण या एका तक्रारीपायी बायकांनी फार सोसलं आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, पारदर्शक, वास नसलेला स्राव जाणं ही तब्येत ठीक असल्याची खूण आहे. त्यानं हाडं झिजत नाहीत, ताकद जात नाही. वास येऊ लागला, रंग पिवळा-हिरवा झाला, दह्यासारखा घट्ट झाला, खाज किंवा आग होऊ लागली, तर तपासायला जावं. आतून साबणानं किंवा जंतुनाशकानं धुऊ नये. त्यानं तिथले उपयोगी जंतू मरतात आणि त्रास वाढतो. आणि संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नये.

कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग. २०२० च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास स्त्रियांना हा रोग होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जणी त्यानं जातात. तो होतो एचपीव्ही या विषाणूमुळे, आणि तो विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलताना डॉक्टरही अडखळतात. वास्तविक हा विषाणू इतका सर्रास आढळतो की त्यावरून कुणाच्या वागणुकीचा अंदाज बांधणं हे शुद्ध अज्ञान आहे. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळलं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं आणखी सोपी तपासणी करून दाखवली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. एवढ्यानं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लसही २०२३ मध्ये बाजारात आली. ज्ञान महाराष्ट्राच्या मातीतलं आहे, व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं, आणि तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

या विषयांवर उघडपणे बोलायची सुरुवात शंभर वर्षांमागे एका कोकणी घरातल्या माणसानं केली होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२, घराणं दापोलीजवळच्या मुरुडचं. मुंबईत विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. कर्व्यांनी १९२३ मध्ये संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तकं लिहिली. काम सोडा नाहीतर नोकरी सोडा असं झालं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. घर चालवण्याचा भार त्यांनी उचलला नसता तर ते मासिक वर्षभरही टिकलं नसतं.

‘समाजस्वास्थ्या’त वाचक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. हस्तमैथुनानं शक्ती जाते का, समलिंगी ओढ हा रोग आहे का, मूल नको असेल तर काय करावं. डॉक्टरला विचारायची सोय नव्हती, वडिलांना विचारणं अशक्य, आणि पोस्टाच्या पाकिटाला तोंड नसतं. १९३४ साली याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. याआधी १९३१ मध्येही एकदा दंड झालाच होता. कर्वे थांबले नाहीत. त्यांच्या नात्यातल्या शकुंतला परांजपे यांनी पुढे कुटुंबनियोजनाचं काम वर्षानुवर्षं केलं. १९८० च्या दशकात डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ आलं आणि कित्येक मराठी घरांतल्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली का होईना, पोचलं. मुंबईत डॉ. महिंदर वत्स वयाच्या ऐंशीनंतर वर्तमानपत्रात रोज वाचकांच्या शंकांना उत्तरं देत राहिले. २०२० च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा ९६ वर्षांचे होते. शंभर वर्षं महाराष्ट्रातली माणसं डॉक्टरांऐवजी मासिकाला, पुस्तकाला, वर्तमानपत्राला विचारत आली. प्रश्न तर होतेच. समोर बसून ऐकणारं माणूस मिळालं नाही.

आता पुरुष. बाईच्या गप्प राहण्याबद्दल निदान लिहिलं जातं. पुरुषाचं गप्प राहणं कुणी मोजतही नाही. तरण्या पोराची तक्रार बहुधा एकच असते, धात जाते, म्हणून अशक्तपणा. वीर्याचा थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, ही कल्पना त्याच्या मनात घट्ट बसवलेली असते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्येच याला ‘धात सिंड्रोम’ म्हटलं. वीर्य शरीरात सतत तयार होतं आणि बाहेर जातं. त्यानं कुणी खंगत नाही. मुलगा खंगतो तो भीतीनं, अपराधी वाटण्यानं, झोप उडाल्यानं. त्याला समजावून सांगणं, नैराश्य असेल तर त्यावर उपचार करणं, एवढंच पुरतं. पण तो भिंतीवरच्या जाहिरातीकडे जातो. संभोगशक्ती वाढवण्याच्या आणि गुप्तरोग बरे करण्याच्या दाव्यांच्या जाहिराती १९५४ च्या कायद्यानं बंद आहेत. कायदा सत्तर वर्षांचा झाला तरी भिंती रंगतच आहेत.

पन्नाशीच्या पुरुषाचं दुखणं वेगळं आणि जास्त धोक्याचं. मधुमेह, रक्तदाब असतो. लिंगाला ताठरता येत नाही. त्याला वाटतं वय झालं, किंवा बायकोचं मन राहिलं नाही. खरं तर तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चरबीनं अरुंद होण्याचा परिणाम तिथे आधी दिसतो. हृदयविकाराची लक्षणं दिसण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी ही सूचना मिळू शकते. ज्या डॉक्टरांनी ताठरतेबद्दल विचारलं नाही, त्यांनी हार्ट अटॅक टाळायची संधीही सोडली. दुसरी गोष्ट आणखी रोजची आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, नैराश्याच्या काही औषधांनी कामेच्छा कमी होते किंवा ताठरतेत अडचण येते. हे रुग्णाच्या लक्षात येतं, तो कुणाला सांगत नाही, आणि गोळी बंद करतो. वर्षभरानं त्याला अर्धांगवायू होतो आणि सगळे म्हणतात, औषध नियमित घेत नव्हता. गोळी बदलून देता आली असती. तिसरी गोष्ट मेडिकलच्या काउंटरवरची. चिठ्ठीशिवाय ताठरतेची सिल्डेनाफिल गोळी घेणारा माणूस छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळीही घेत असेल, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. दुकानदारानं ‘छातीचं काही औषध चालू आहे का?’ एवढं विचारलं तरी तो वाचेल.

राज्यात मूल थांबवायची शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रिया पाचव्या राष्ट्रीय पाहणीत जवळजवळ निम्म्या आहेत. पुरुष नसबंदी शंभरात एकही भरत नाही. नसबंदीनं मर्दानगी जात नाही, संप्रेरकं तशीच राहतात, जड कामही करता येतं, हे होडी ओढणाऱ्या माणसाला पुरुष डॉक्टरनं समोर बसवून सांगायला हवं. आशाताई त्याच्या बायकोला गर्भनिरोधक छाया गोळीबद्दल सांगते, अंतरा इंजेक्शनबद्दल सांगते. त्याच्याशी कोण बोलतं?

तरुणांचं काय करायचं यावर महाराष्ट्र अजून गोंधळलेला आहे. २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. गडचिरोलीत राणीताईंनी मात्र ‘तारुण्यभान’ची निवासी शिबिरं चालू ठेवली. मुलं-मुली एकत्र बसतात, चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहितात आणि उत्तरं मिळवतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये आला, सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. पण सतरा वर्षांची मुलगी तिथे जाऊन मित्राबद्दल बोलली, तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं डॉक्टरला भाग आहे, ही भीती दोन्ही बाजूंना असते. त्या भीतीनं मुलगी रुग्णालयाऐवजी गर्भपाताच्या गोळ्या चोरून घेते आणि रक्तस्रावानं अर्धमेली होऊन येते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं यातून वाट काढली. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताची माहिती पोलिसांना देताना, तिची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरनं तिचं नाव-ओळख उघड करण्याची गरज नाही. अविवाहित स्त्रियांनाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताचा हक्क त्याच निकालानं मिळाला. हे प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरला माहीत असायला हवं, आणि ते माहीत आहे हे मुलींनाही कळायला हवं.

लिंगसांसर्गिक आजारांसाठी सरकारची सोय पुष्कळांना ठाऊकच नाही. जिल्हा पातळीच्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे लक्षणांवरून औषधांचं पाकीट मोफत मिळतं, आणि पाकिटांचे रंग ठरलेले आहेत: करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. लघवीतून पू जाणाऱ्याला करडं, योनीच्या जंतुसंसर्गाला हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं. प्रयोगशाळेच्या रिपोर्टसाठी पुन्हा यावं लागू नये म्हणून ही पद्धत आहे, आणि समुद्रावर आठ-दहा दिवस जाणाऱ्या खलाशाला ती अगदी सोयीची आहे. एकच पथ्य, जोडीदारानंही औषध घ्यायचं. नाहीतर आजार घरात फिरत राहतो. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे, आणि २०१७ च्या कायद्यानं रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे. नियमित उपचारांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर तो संबंधातून दुसऱ्याला जात नाही. हे वाक्य ऐकून कित्येक संसार वाचतील.

डॉक्टरांना हे सगळं शिकवतं कोण, हा पुढचा प्रश्न. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्ता हा वेगळा भाग आला. त्याच वर्षी सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांच्या अहवालानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं कौमार्याच्या ‘खुणा’ शिकवणं बंद केलं. पण २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांत गेले, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कलम ३७७ खालच्या गुन्ह्यांतून हे संबंध वगळल्यानंतर सहा वर्षांनी. ओरड झाली, काही दिवसांत तो मजकूर मागे घेतला गेला. ज्या विद्यार्थ्याला पुस्तकच असं शिकवतं, त्याच्यासमोर एखादा समलिंगी तरुण तोंड कसं उघडेल? अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२१-२२ पासून वर्षाला शंभर विद्यार्थी तिथे येतात. थळचा कोळीवाडा तिथून जवळच आहे. या मुलामुलींनी पहिल्या वर्षीच तिथल्या बायकांच्या ओट्यावर बसून नुसतं ऐकावं. काही लिहून घेऊ नये, सल्ला देऊ नये. ऐकावं.

पाळी गेलेल्या बायकांनाही विचारावं. पन्नाशीनंतर योनी कोरडी पडते, संबंध दुखरे होतात, लघवीला जळजळ होते. लावायचं साधं इस्ट्रोजेन मलम असतं, वंगण असतं. ‘आता या वयात कशाला?’ हे उत्तर डॉक्टरांनी कुणालाच देऊ नये.

रुग्णानं काय करावं, हेही सांगायला हवं, कारण डॉक्टर बदलेपर्यंत आजार थांबत नाही. आत जाताना एक वाक्य तयार ठेवावं: ‘डॉक्टर, मला एक खासगी गोष्ट सांगायची आहे, दार लावता का?’ सोबत आलेल्याला बाहेर बसायला सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर बाईला स्त्री सहायक मागता येते. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद लावलेली असायला हवी. नसेल तर विचारावी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, वैदूच्या पुड्यांसकट, पिशवीत घालून न्याव्यात. सांगणं जमलं नाही तर कागदावर लिहून द्यावं. तुच्छतेनं बोलणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधावा, पण उपचार सोडू नये.

आणि थळमध्ये काय करता येईल? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेल घरी असतो, गेटवेच्या लाँची बंद असल्यामुळे मुंबईला जाणंही लांबतं. एरवी वेगळ्या वेळांना जगणारे नवरा-बायको या दोन महिन्यांत एका छपराखाली असतात. शिबिरं नेमकी याच दिवसांत घ्यावीत, हंगामात घेऊन उपयोग नाही. बायकांसाठी व्हिनेगरची तपासणी, सगळ्यांची साखर आणि रक्तदाब, खलाशांसाठी त्यांची भाषा येणारा एक माणूस. केसपेपरवर ताप-खोकल्याखाली एक छापील ओळ घालावी: ‘लघवी, पाळी, संबंध यांबाबत काही त्रास?’ ती छापलेली असली की डॉक्टरला विचारावीच लागते, आणि सगळ्यांनाच विचारतात म्हटल्यावर कुणाला आपल्यावर संशय घेतला असं वाटत नाही. बाई डॉक्टर एक, पुरुष डॉक्टर एक, खोल्या दोन, दोन्हींची दारं बंद होणारी. आणि पुढच्या जूनमध्ये तेच दोघे पुन्हा येतील अशी सोय आताच करून ठेवावी.